अव्यास, किटवेहून

किटवे, झांबिया
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय अव्या,

तुझा सव्वाचार मिनिटांचा व्हॉइस मेसेज मिळाला. पहिल्यांदा ऐकून हसलो, दुसऱ्यांदा चिडलो, तिसऱ्यांदा ऐकत असताना लाइट गेली. म्हटलं, आता पत्रच लिहावं. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, हे कऱ्हाडच्या होस्टेलपासून चालत आलंय.

तुझं म्हणणं एवढंच ना, की साठ वर्षं जगानं आफ्रिकेत पैसा ओतला, तो पुढाऱ्यांनी खाल्ला, लोकांना आयतं खायची सवय लागली, आणि ट्रम्पनं नळ बंद केला ते एका परीनं बरंच झालं. वर शेवटी ते वाक्य : "आपण बघ, आपण कधी कुणापुढे हात पसरला का?"

पसरला की रे. तुझ्याच घरात, आटपाडीला, तुझ्या आजीच्या तोंडून मी लाल मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, भाकरीची गोष्ट ऐकलीय. बहात्तरचा दुष्काळ. ती भाकरी थापताना तुटायची आणि पोरं खायला कुरकुरायची, हे सांगताना आजी हसत होत्या, पण मिलो अमेरिकेतून आली होती हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्याआधी पीएल-४८० चा, म्हणजे अमेरिकेच्या धान्यमदतीच्या कायद्याखाली येणारा, गहू होताच. १९६५-६६ साली बंदरात जहाज लागलं तर शहरात पोळी, अशी गत होती. आणि अध्यक्ष जॉन्सन गहू महिन्या-महिन्याच्या हिशोबानं सोडायचे, कारण व्हिएतनामवर दिल्ली बोलायची ते त्यांना रुचत नव्हतं. जून १९६६ मध्ये रुपया ४.७६ वरून एकदम साडेसातला आला, तेव्हाही जागतिक बँकेचा आणि नाणेनिधीचा रेटा होताच. त्याच गव्हाबरोबर गाजरगवत आलं असं म्हणतात. ते अजून तुझ्या बांधावर उभं आहे.

तेव्हा मदत आपणही खाल्ली, अटीही आपण गिळल्या. मग आपण त्यातून बाहेर आलो आणि हे लोक अडकले, असं का? तुझा हा प्रश्न मात्र खरा आहे. त्यावर मी सात वर्षं इथे राहून जे पाहिलं ते लिहितो. सगळी आफ्रिका मला माहीत नाही. चोपन्न देशांना एकाच मापानं मोजायचा तुझा धंदा मला जमणार नाही. मी झांबियाचं लिहीन, तेही मुख्यतः इथल्या तांब्याच्या खाणींच्या पट्ट्याचं.

२४ ऑक्टोबर १९६४ ला हा देश स्वतंत्र झाला, तेव्हा अख्ख्या देशात पदवीधर झांबियन होते शंभराच्या आसपास. आपली एक बॅच त्याहून मोठी होती, अव्या. जमिनीतल्या तांब्याचं स्वामित्वधन तोपर्यंत सेसिल ऱ्होड्सनं काढलेल्या एका ब्रिटिश कंपनीच्या खिशात जात होतं. स्वातंत्र्याच्या तोंडावर सरकारनं सांगितलं, हक्क सोडा नाहीतर आम्ही काढून घेऊ. सौदा अगदी आदल्या संध्याकाळी, गव्हर्नरच्या बागेतल्या चहापानात तंबूमागे दहा मिनिटांत उरकला म्हणतात. कंपनीला ४० लाख पौंड मिळाले, निम्मे ब्रिटननं दिले, निम्मे झांबियानं. आपल्याच जमिनीतली वस्तू आपल्याला मिळावी म्हणून नव्या देशानं पहिल्याच दिवशी पैसे मोजले.

वर्षभरात, नोव्हेंबर १९६५ मध्ये, दक्षिणेच्या ऱ्होडेशियातल्या, म्हणजे आजच्या झिंबाब्वेतल्या, गोऱ्यांनी परस्पर स्वातंत्र्य जाहीर केलं. झांबियाचा सगळा माल त्याच वाटेनं समुद्राला जायचा. ती वाट अडली. टांझानियातल्या दार-ए-सलाम बंदरापर्यंत रेल्वे हवी म्हणून हे पाश्चात्त्य देशांकडे गेले, तर उत्तर मिळालं की परवडत नाही. मग चीन आला. बिनव्याजी कर्ज, १८६० किलोमीटरची लाइन, १९७५ ला पुरी. चीन आफ्रिकेत 'आता' घुसलाय असं तू म्हणतोस ना, त्या रुळांना आता पन्नास वर्षं झाली.

पण खरा घाव बसला तो तांब्याच्या भावाचा. निर्यातीचे नव्वद टक्क्यांहून जास्त पैसे एकाच धातूचे, आणि १९७४ च्या उन्हाळ्यानंतर भाव सहा-आठ महिन्यांत निम्म्याच्याही खाली. सगळ्यांना वाटलं, चढेल परत. सावकारांनाही वाटलं, म्हणून त्यांनी हात सैल सोडला. आपल्याकडे एक पीक गेलं तर दुसरं होतं, गिरण्या होत्या, पोलाद होतं, रेल्वेचे कारखाने होते. यांच्याकडे तांबं, आणि त्याच्या जिवावर काढलेलं कर्ज. १९७९ नंतर जगात व्याजाचे दर भडकले. भाव काही नीट चढला नाही, तो जवळजवळ तीस वर्षं. तू बँकेत वसुलीला आहेस, असा ऋणको तुझ्या टेबलासमोर बसला तर त्याला तू आळशी म्हणशील की आणखी काही, ते मला कळव.

आमच्या वर्कशॉपचे फोरमन आहेत, साठीला टेकलेत. सगळे त्यांना बाशिकुलू म्हणतात, बेंबा भाषेत आजोबा. खाणी सरकारी होत्या तेव्हा ते कामाला लागले. ते सांगतात, घरातला बल्ब गेला तरी खाणीचा माणूस बदलून जायचा, दवाखाना खाणीचा, शाळा खाणीची, बाळाचे लंगोटसुद्धा कंपनी द्यायची. मी म्हटलं, म्हणूनच बुडाली. ते म्हणाले, "तेही खरं आहे." आणि परत पंप उघडायला लागले. या माणसाशी वाद घालता येत नाही, अर्धं कबूल करून टाकतात.

डिसेंबर १९८६ ची गोष्ट ते वेगळ्या आवाजात सांगतात. नाणेनिधीची अट होती, मक्याच्या पिठावरचं अनुदान काढा. इथे मक्याचं पीठ म्हणजे काय हे तुला सांगायला हवं. न्शिमा, म्हणजे घट्ट उकडीसारखा गोळा, दोन्ही वेळच्या ताटात तोच. तो नसला तर पोटभर खाऊनही माणूस 'जेवलो नाही' म्हणतो, आपल्याकडे कोकणात भाताचं असतं तसं. पांढऱ्या पिठाचा भाव एका फटक्यात दुपटीवर गेला. किटवेत आणि न्डोलात दंगल झाली, गोळीबार झाला, पंधराएक माणसं मेली. बाशिकुलूंच्या गल्लीतला एक मुलगा दुकानातून पिठाची पिशवी घेऊन पळताना पडला. अध्यक्ष कौंडांनी अनुदान परत आणलं आणि १९८७ च्या मे महिन्यात नाणेनिधीला रामराम ठोकला, निर्यातीच्या दहा टक्क्यांपलीकडे कर्जफेड करणार नाही म्हणाले. मग बाकीच्यांनीही हात आखडले, आणि दोन वर्षांत परत त्यांच्याच दारात. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना.

आता तुझ्या 'मदत' या शब्दाकडे येतो. माझी खरी तक्रार तिथेच आहे. एकाच शब्दात तू चार-पाच वेगळ्या गोष्टी कोंबतोस. दुष्काळात आलेला मका ही मदत. जुनं कर्ज फेडायला दिलेलं नवं कर्ज, तेही मदत. सरकारी अधिकाऱ्यांना सरोवराकाठच्या लॉजमध्ये तीन दिवस 'क्षमता विकास' शिकवतात आणि वर सिटिंग अलाउन्स देतात, तीही मदत. (त्या भत्त्यापायी तालुक्याचा अधिकारी महिन्यातून दहा दिवस कचेरीत सापडत नाही, हे मी भोगलंय.) आणि एड्सच्या गोळ्या, त्याही मदतच. यातल्या एकीला शिव्या दे, मी तुझ्याबरोबर देतो. सगळ्यांना एकदम देऊ नकोस.

रोमानियाच्या ट्रॅक्टरांची गोष्ट तुला आवडेल, तुझ्या धंद्यातली आहे. १९७९ साली झांबियानं रोमानियाकडून उधारीवर ट्रॅक्टर आणि शेतीची यंत्रं घेतली. उधारी थकली. वीस वर्षांनी, १९९९ मध्ये, ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर नोंदलेल्या एका कंपनीनं तो कागद रोमानियाकडून साधारण ३३ लाख डॉलरला विकत घेतला आणि लंडनच्या कोर्टात साडेपाच कोटींचा दावा ठोकला. २००७ मध्ये कोर्टानं दीड कोटीच्या आसपास देववलेही. त्याच सुमाराला श्रीमंत देश झांबियाचं कर्ज माफ करत होते! २००५-०६ मध्ये सात अब्ज डॉलरवरचं कर्ज एक अब्जाच्या आत आलं, आणि १ एप्रिल २००६ पासून खेड्यातल्या दवाखान्यांतली फी सरकारनं बंद केली. कर्जमाफीनं काय होतं असं तू विचारतोस, एक हे झालं. आणि दुसरं असं, की पाटी कोरी झालेली बघून २०१२ पासून सरकारनं डॉलरचे रोखे काढले, चीनकडून रस्ते-विमानतळांसाठी उचल घेतली, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये व्याजाचा हप्ता चुकवून बसलं. म्हणजे तुझ्या बाजूचाही मुद्दा मी लपवत नाही.

मधल्या काळात खाणी विकल्या गेल्या. भाव तळाला असताना विकल्या, कारण कर्ज देणाऱ्यांची तशी अट होती आणि खाणी रोज तोटा करत होत्या. घेणाऱ्यांशी करार झाले त्यात स्वामित्वधन किती, तर ०.६ टक्के. शंभर रुपयांच्या तांब्यावर साठ पैसे, तेही वर्षानुवर्षं बदलायचं नाही या बोलीवर. २००२ मध्ये तांबं टनाला सोळाशे डॉलरच्या आत होतं, २००६ मध्ये साडेसहा हजारांच्या वर. करार मोडायला २००८ उजाडलं. कागदोपत्री हे तांबं बरीच वर्षं स्वित्झर्लंडला 'जात' होतं, म्हणजे माल भलतीकडे आणि बिल तिकडे. आणि अध्यक्ष चिलुबा, ज्यांच्या राजवटीत हे सगळं विकलं गेलं, त्यांनी सरकारी पैशांतून सूट आणि उंच टाचांचे बूट घेतले तेही जिनिव्हातल्या एका दुकानातून. लंडनच्या कोर्टानं २००७ मध्ये त्यांना आणि त्यांच्या साथीदारांना ४ कोटी ६० लाख डॉलरला जबाबदार धरलं, लुसाकाच्या कोर्टानं २००९ मध्ये निर्दोष सोडलं. स्वित्झर्लंडला बसून झांबियाचा इतिहास लिहिता येईल.

एक मात्र मला टोचतं. माझ्या पहिल्याच महिन्यात बाशिकुलूंनी जेवणाच्या सुट्टीत फोनवर एक जुना व्हिडिओ लावला. २०१४ चा, बंगळूरुचा. वेदांताचे प्रमुख एका सभेत सांगतायत की झांबियातली कोंकोलाची खाण अडीच कोटी डॉलरला घेतली आणि ती वर्षाला किमान पन्नास कोटी देते, आणि सभागृह टाळ्या वाजवतंय. बाशिकुलू काही बोलले नाहीत. फक्त विचारलं, "हे कोणत्या भाषेत हसतायत?" मी जेवण तसंच ठेवलं. आवळा देऊन कोहळा काढणं आपण इंग्रजांकडून शिकलो की आधीपासून येत होतं, देव जाणे.

आता गोळ्या.

मी आलो तेव्हा माझंही मत तुझ्यासारखंच होतं, तू विसरलास, मी नाही. पांढऱ्या लँडक्रूझर, त्यांच्या दारांवरची बोधचिन्हं, फुकट मच्छरदाणीनं मासे धरणारी माणसं. ते फोटो तू आता पाठवतोस, मी तुला आधी पाठवले होते. मत बदललं ते आमच्या वस्तीजवळच्या दवाखान्यात. आमचा एक वेल्डर दर काही महिन्यांनी अर्धा दिवस सुट्टी मागायचा. पहिल्यांदा मी कुरकुरलो, मग कुणीतरी बाजूला घेऊन सांगितलं. त्याला मी एकदा गाडीनं सोडलं. रांगेत बायका भाजीची टोपली शेजारी ठेवून, शाळेचे मास्तर, एक वाहतूक पोलीस गणवेशात. कुणी चोरून आलेलं नाही. या देशात दर नऊ-दहा प्रौढांमागे एकाला एचआयव्ही आहे, आणि बारा लाखांवर माणसं रोज एक गोळी घेऊन कामावर जातात. २००० च्या सुमाराला इथे सरासरी आयुष्य पंचेचाळीसच्या आसपास उतरलं होतं. आता साठीच्या वर आहे. बाशिकुलू म्हणतात, तेव्हा शनिवार-रविवार दफनातच जायचे, खाणीत एकाच कामाला दोन-दोन माणसं शिकवून ठेवत, एक मरणार हे धरून.

गोळीच्या डबीवर मी नाव वाचलं. भारतीय कंपनी. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लानं एचआयव्हीच्या तीन औषधांचा वर्षाचा खर्च ३५० डॉलरवर आणायची तयारी दाखवली, तोवर तोच खर्च दहा हजारांच्या वर होता. त्यानंतर अमेरिकेचा पैसा आणि आपल्याकडची औषधं, अशी ती साखळी जुळली. तू म्हणतोस मदतीनं एक माणूस उभा राहिला का दाखव. आमचा वेल्डर सहा-सहा तास उभा असतो.

आणि आता त्याच गोळ्यांची दुसरी बाजू, म्हणजे तुला मी एकांगी वाटायला नको. जानेवारीत अमेरिकेनं सगळी मदत गोठवली तेव्हा आमच्या वस्तीतलं सल्ला केंद्र एका सोमवारी उघडलंच नाही. दारावर हातानं लिहिलेला कागद होता. सरकारी दवाखान्यात गोळ्या चालू राहिल्या, पण सहा महिन्यांऐवजी थोड्या-थोड्या मिळायला लागल्या. मग मे महिन्यात अमेरिकेच्या राजदूतांनी पत्रकार परिषद घेऊन सांगितलं की फुकट वाटायला दिलेली औषधं चोरून विकली जातात. त्यांच्या माणसांनी दोन हजारांवर औषध दुकानं फिरून बघितली होती. म्हणून वर्षाची ५ कोटी डॉलरची औषधांची मदत पुढच्या वर्षापासून बंद. 'आम्ही वर्षभर सरकारला सांगत होतो, कुणी हललं नाही,' असं ते म्हणाले, आणि ते मला खोटं वाटत नाही. अमेरिकेच्या पैशानं आलेली मलेरियाची औषधं मी स्वतः इथल्या दुकानातून पैसे देऊन घेतलीत. पाकिटावर 'विक्रीसाठी नाही' छापलेलं होतं, दुकानदारानं त्यावरच किमतीचं लेबल चिकटवलं होतं.

आपण दोघांनी मिळून चोराला शिव्या घालू. पण मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. राजदूत चिडले, पण रांगेतली बाई का चिडली नाही? मी वेल्डरला विचारलं. तो म्हणाला, "औषध अमेरिकेचं, चोरी अमेरिकेची, त्यांनी बघावं." अव्या, हे ऐकून मला तुझी पगाराची स्लिप आठवली. तिच्यात दर महिन्याला दोनशे रुपये व्यवसाय कर कापतात आणि तू दर महिन्याला ओरडतोस. तो कर आला बहात्तरच्या दुष्काळातून, रोजगार हमीसाठी. मुंबईच्या पगारदाराच्या खिशातून आटपाडीच्या खडी फोडणाऱ्या बाईची मजुरी. त्यात खोटी हजेरीपत्रकं झाली नाहीत का? ढिगानं झाली. पण बाया तहसील कचेरीवर मोर्चा घेऊन जात, कारण काम मागणं हा कायद्यानं त्यांचा हक्क होता, आणि देणाराही आपल्याच गावचा, शिव्या घालता येईल इतका जवळचा होता. इथे देणारा वॉशिंग्टनमध्ये. मंत्री हिशोब देतो तो तिकडे, भाषण करतो ते इकडे. माझ्या मते मदतीनं खाल्लं असेल तर हे खाल्लंय, लोकांचा कष्टाळूपणा नव्हे. तो मी रोज पहाटे साडेपाचला मिनीबसच्या रांगेत पाहतो.

मग बंदच करावी ना, असं तू म्हणशील. लुसाकात जन्मलेल्या एका अर्थतज्ज्ञ बाईंनी २००९ मध्येच तसं मांडलं होतं, पण त्यांनीही काही वर्षांची मुदत देऊन, टप्प्याटप्प्यानं म्हटलं होतं. एका सोमवारी दारावर कागद चिकटवून नव्हे. वेल्डरच्या गोळ्या उद्यापासून सरकारनं स्वतःच्या पैशातून आणाव्यात, तांब्यावर नीट कर लावून आणाव्यात, मग चोरी झाली तर त्याचं डोकं फिरेल, हे मला पटतं. पण तोवर? त्याला मी हे समजावून सांगणार का? मला जमणार नाही. तुला जमत असेल तर डिसेंबरात त्याचा फोन नंबर देतो.

बरं, पत्र लांबलं. जॅकरँडा फुललाय, रस्ते जांभळे झालेत आणि उकाडा सुरू झालाय. गेल्या वर्षीच्या दुष्काळानं करिबाचं धरण तळाला गेलं होतं, वीज अजून रुळावर नाही. वर्कशॉपमध्ये आमची बारा जणांची भिशी आहे, इथे तिला चिलिंबा म्हणतात. मागच्या महिन्यात बाशिकुलूंचा नंबर लागला, त्यांनी सोलर पॅनेल आणि बॅटरी घेतली. पुढच्या महिन्यात माझा आहे, ते पैसे तिकिटात जातील. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सांगलीत येतो. आईकडे थोडा मेतकूट-भाजणीचा आग्रह धर, माझं ती ऐकत नाही.

बाशिकुलू आत्ताच विचारून गेले, एवढं कुणाला लिहितोयस. मी सांगितलं, मित्राला, तो वाचून चिडणार आहे. ते म्हणाले, चिडू दे, पण उत्तर सकाळी पाठवायला सांग, तेव्हा लाइट असते.

तुझा,
विन्या